सतरा क्रमांकाचा दगड

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे
लातूर

प्रिय मृण्मयी,

हे लिहायला बसण्याआधी मी क्लासच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बाकांवर नंबर टाकत होतो. एकूण दोनशे चाळीस बाक आहेत, त्यांतले चौऱ्याऐंशी झाले. सोमवारी इथे सराव परीक्षा आहे, म्हणून हॉल चार दिवस बंद ठेवून माझ्या ताब्यात दिला आहे. पहिला हात वाळायला पन्नास मिनिटे लागतात, थंडीत जरा जास्त. एरवी या वेळात मी खाली जाऊन चहा घेतो. आज रंगाच्या डब्यावर पुठ्ठा ठेवून त्यावर कागद घेतला आहे. गेल्या चार दिवसांत हे पत्र पाच वेळा लिहून फाडले. खाडाखोड झालेला कागद मला कोणाला देववत नाही, हे तुला माहीत आहे. पण आता खाडाखोड झाली तरी हाच कागद पाठवणार.

मला सतरा क्रमांकाच्या दगडाबद्दल लिहायचे आहे. ते एका ओळीतही लिहिता येईल. पण ती ओळ तू आधी वाचलीस तर पुढचे वाचणार नाहीस, म्हणून क्रमाने लिहितो. मला क्रमानेच लिहिता येते.

याच रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत आपण दोन हजार तेराच्या बॅचला होतो. तू नांदेडहून आलेली, हेडमास्तरांची मुलगी, पूर्ण फी भरून. मी फीच्या बदल्यात. आबांनी क्लासच्या पाट्या रंगवायच्या, दर जूनमध्ये रस्त्याकडच्या भिंतीवर टॉपरची नावे आणि मार्क लिहायचे, आणि त्यांच्या मुलाने शेवटच्या बाकावर बसायचे, असा तो सौदा होता. भुजंग सरांचा बायोलॉजीचा तास आठवतो का? "उघड्या खडकावर सगळ्यात आधी कोण येतं? लायकेन! लिहा, खाली रेघ मारा, एक मार्क खिशात!" दीडशे पोरांनी रेघ मारली. तू हात वर करून विचारलेस, "सर, आधी येतं म्हणजे किती वर्षांत?" सर म्हणाले, "बाई, पेपरात वर्ष विचारत नाहीत. विचारायला लागले की सांगतो." सगळा वर्ग हसला. मी हसलो नव्हतो असे मी तुला नंतर सांगितले होते. खरे म्हणजे मीही हसलो होतो. आज खरेच लिहायचे ठरवले आहे, म्हणून हेही लिहून टाकतो.

त्या दिवाळीत तू हॉस्टेलच्या दोघी मैत्रिणींना घेऊन आमच्याकडे आलीस. किल्लारीच्या जीपमधून उतरून तुम्हाला भूकंपात पडलेले जुने गाव पाहायचे होते. नवे गाव पाहण्यासारखे नाही, तिथे सगळी घरे एकसारखी. जुन्या गावात दगडांचे ढीग आणि बाभळी. माय तुमच्याबरोबर आली, कारण ती तशीही दर आठवड्याला तिथे जायची. आमच्या घराच्या ढिगाऱ्यावर तू गुडघे टेकून बसलीस आणि एका दगडावरचा राखी रंगाचा गोल डाग कंपासपेटीतल्या पट्टीने मोजू लागलीस. मला म्हणालीस, "मसाल्यातलं दगडफूल माहीत आहे ना? हा त्याचाच भाऊबंद. पण हा सोलून निघत नाही, दगडात रुतून बसतो. बुरशी आणि शेवाळ मिळून एक जीव. दगड पडला आणि त्याची कोरी बाजू वर आली, की हळूहळू त्यावर हा धरतो आणि वाढत राहतो. दगड हलला नाही तर डागावरून वर्षं काढता येतात." माय बाजूला उभी होती. तिने विचारले, "काय मोजायलीस गं बाई?" तू म्हणालीस, "मावशी, हे दगड पडून किती वर्षं झाली ते." माय म्हणाली, "मला इचार की. ईस वर्सं, एक महिना आन् वर सहा दिस."

मग तू विचारलेस की घरात कोण कोण होते, आणि मायने तुला लुंबिनीबद्दल सांगितले. माझी बहीण. मी जन्मायच्या तीन वर्षे आधी भूकंप झाला, तेव्हा ती चार वर्षांची होती. "मिलिटरीच्या गाडीतून सोलापूरच्या दवाखान्यात नेली. तिथून कुणीतरी ठिवून घेतली. आता लग्नाला आली आसंल," असे माय म्हणाली. तू माझ्याकडे पाहिलेस. मी खाली पाहिले. आमच्या घरी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की ते खरे की खोटे असा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. मायने नांदेड, लातूर, सोलापूर, उमरगा इथल्या सगळ्या दवाखान्यांच्या खिडक्यांवर चौकशी केलेली होती. आबा तिच्याबरोबर जायचे. लहानपणी मीही दोनदा गेलो आहे. नांदेडच्या खिडकीवरच्या माणसाने मला लिमलेटची गोळी दिली होती.

पुढचे तुला माहीत आहे. परीक्षेत एकशे ऐंशी प्रश्नांपैकी मी एक्काहत्तर सोडवले. त्याहून जास्त येत होते, पण उत्तराचा गोल काठापर्यंत आणि काठाबाहेर न जाता भरण्यात माझा वेळ गेला. तू बाहेर आल्यावर माझ्यावर ओरडलीस, "अरे, ते बघायला माणूस नसतो, मशीन असतं! गाढवा!" त्यानंतर निलंग्याला बी.एस्सी.चे सहा महिने केले आणि शिक्षण सोडले. तुला मेडिकल मिळत होते ते तू घेतले नाहीस, दगडांवरच्या या डागांच्याच अभ्यासाला गेलीस. तुझे वडील बापूसाहेब तुझ्याशी आठ महिने बोलले नाहीत, आणि तुझी आई लताकाकू दोघांचे निरोप इकडून तिकडे करत होत्या, हे तू मला फोनवर हसत सांगितले होतेस. त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नव्हता.

आता आबांच्या कामाबद्दल लिहिले पाहिजे, नाहीतर सतरा क्रमांकाचे तुला समजणार नाही.

आबा भूकंपाआधी बैलगाड्यांच्या साट्यांवर आणि दुकानांवर नावे रंगवायचे. भूकंपानंतर सरकारी माणसे आली. आधी पत्र्याच्या शेडवर, मग उभ्या राहिलेल्या भिंतींवर, मग नव्या घरांवर नंबर टाकायचे होते. साहेब खडू घेऊन पुढे चालायचा आणि जिथे नंबर हवा तिथे खडूने गोल काढायचा. मागून आबा यायचे, गोलातली जागा तारेच्या ब्रशने घासायचे आणि नंबर टाकायचे. दीड वर्षात त्यांनी चार हजारांवर नंबर टाकले. एका वस्तीत दुसऱ्या पेंटरने न घासता रंग मारला होता. पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघाले, त्याबरोबर नंबर गेले, आणि कोणते घर कोणाचे यावरून कचेरीत माणसे एकमेकांच्या अंगावर गेली. मी बारा वर्षांचा असताना आबांनी मला ब्रश हातात दिला तेव्हा हीच गोष्ट सांगितली. "खडूचा गोल दिसला की ती जागा आपली. घासून घे. खालचा दगड काळाशार दिसल्याबिगर ब्रश खाली ठिवायचा न्हाई. पोपड्यावर नंबर टाकला की पोपड्यासंगट नंबर जातो, आन् नंबर गेला की घर गेलं." मी ते कधी विसरलो नाही. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचे काम संपले, टॉपरचे चेहरे मशीनवर छापून येऊ लागले, पण नंबर टाकायला अजून मला बोलावतात. बाक, खोल्या, हॉस्टेलच्या कॉट, पाण्याच्या टाक्या. माझा नंबर निघाला अशी तक्रार आजवर एकही नाही.

म्हणूनच तूही मला बोलावलेस. ऑगस्ट २०२२. तुझा फोन आला तेव्हा मी शिरूर अनंतपाळच्या एका हॉस्टेलात कॉट रंगवत होतो. आदल्या वर्षी मनालीच्या पुढे, बोगद्यापलीकडच्या खोऱ्यात, साडेचार हजार मीटरवर तुला असा एक डाग सापडला होता जो आपल्या देशात कोणी पाहिलेला नव्हता. तसा तो एकच होता. तू त्याचा मोहरीएवढा कण काढून आणलास, तो तपासणीत संपला. फोटो अगदी जवळून काढलेले. तुझे पीएच.डी.चे सर म्हणाले, दगडांवर कायमचे नंबर टाका, म्हणजे बाहेरचे तज्ज्ञ येऊन तोच दगड पाहतील, मग कोणी शंका घेणार नाही. तू मला म्हणालीस, "नंबर तुझ्या हातचे हवेत. बर्फातसुद्धा निघता कामा नयेत." सहाशे रुपये रोज आणि अठरा दिवस. मी त्याआधी महाराष्ट्राबाहेर गेलो नव्हतो. मनालीच्या बाजारात तू माझ्यासाठी कानटोपी घेतलीस. मी त्याच बाजारात एक तारेचा ब्रश घेतला, स्वतःच्या पैशाने, कारण तुम्ही दिलेला नायलॉनचा होता आणि त्याने काही निघण्यासारखे नव्हते. इतरांसमोर मी तुला मॅडम म्हणत होतो. तू एकदा म्हणालीस, "मॅडम काय रे?" मी म्हणालो, कामावर मॅडमच. तुला ते आवडले नाही असे मला वाटले, आणि तसे वाटल्याचे मला बरे वाटले.

२३ ऑगस्ट, मंगळवार. तू आदल्या दिवशी वर जाऊन सगळ्या दगडांवर खडूने खुणा करून आली होतीस आणि रात्रीपासून तुझे डोके धरले होते, उलट्या होत होत्या. सरांनी तुला खालच्या तळावरून हलू दिले नाही. तू झोपूनच मला दोन गोष्टी सांगितल्यास, त्या मी वहीत लिहून घेतल्या. एक, पिवळ्या-हिरव्या नकाशासारख्या डागांना अजिबात हात लावायचा नाही. दोन, खूण केली आहे तिथेच नंबर टाकायचा. तुझा तो विशेष डाग कोणता, हे मी विचारले नाही. मला वाटले, पिवळ्यांतलाच एखादा असेल. तुला वाटले असेल, हे काय सांगायचे. तुझी चूक होती असे मी म्हणत नाही. तुला उभेही राहता येत नव्हते.

पहिल्या सोळा दगडांवर खडूची फुली होती. मी फुलीवर नंबर टाकले. सतराव्यावर फुली नव्हती. पहाटे बारीक बर्फ पडून गेला होता, त्यात ती धुऊन गेली असेल. तिथे खडूचा गोल होता. दगडाच्या पोटाखालच्या बाजूला, बर्फ लागत नाही अशा जागी, नीट काढलेला पूर्ण गोल. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. खाली येऊन तुला विचारावे तर जाऊन-येऊन पाच तास. फोनला रेंज नाही. गोलाच्या आत राखी रंगाचा एक पोपडा होता, भिंतीवर जुना चुना उरतो तसा. पिवळा नव्हता, हिरवा नव्हता. मी आबांना आठवले.

वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवतो. "क्र. १७. फुली नाही. खडूचा गोल आहे. गोल धरला. आत राखी पोपडा, मधे तांबूस ठिपके, कडेला काळी बारीक रेघ. रुंदी ११२ मिमी, उंची ९४ मिमी. नायलॉनने निघत नाही. तारेचा ब्रश. सुरू ११.२०, संपले १२.००. दगड स्वच्छ. दोन हात दिले."

ही ती ओळ, मृण्मयी. दगड तोच आहे. डाग मी घासला.

वहीत न लिहिलेलेही सांगतो. वरचा राखी थर निघाला तेव्हा खाली एक क्षण हिरवे दिसले होते. ओले, कोवळे, भिजवलेल्या मुगासारखे. मला वाटले शेवाळ आहे. मी आणखी जोर लावला. काम झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनने दोनदा धुतला, कारण ब्रश धुऊनच ठेवायचा असतो. त्यात एखादा कण राहिला असता तर आज तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असते. मी परत आल्यावर ब्रशच्या तारा सुईने उकरून पाहिल्या. काही नाही. संध्याकाळी मी खाली आलो तेव्हा तू तंबूच्या दारात बसून सूप पीत होतीस. तू विचारलेस, "सतरा झाला?" मी म्हणालो, "झाला. एकदम स्वच्छ." तू म्हणालीस, "शाबास रे, प्रीतम." तो डाग वर्षाला जेमतेम पाव मिलिमीटर वाढतो, हे तू मला नंतर सांगितलेस. म्हणजे साडेचारशे वर्षांना दोन कमी. आपल्याकडे निजाम यायच्याही आधीपासून तो तिथे होता. मी मिनिटाला अकरा वर्षे घासली.

पण ही चूक मी तेव्हा न समजता केली. पुढची समजून केली आहे.

सप्टेंबरात तज्ज्ञ वर जाऊन आले. त्यांना सतरा क्रमांकाच्या दगडावर माझा नंबर दिसला आणि दुसरे काही दिसले नाही. तुझा फोटो कुठला तरी दुसरीकडचा आहे असे त्यांनी लिहून दिले. तू खालच्या गावातून मला फोन केलास. मी शिडीवर होतो. "प्रीतम, सतरावर काहीच नाही रे. नुसता दगड. तू दुसऱ्याच दगडावर नंबर टाकलास का?" तू विचारायच्या आधीच मला सगळे कळले होते. खडूचा गोल माझ्या डोळ्यांपुढे आला. तो नंबरासाठी नव्हता, तुझा डाग दाखवायला तू काढलेला होता. तुझा आवाज असा होता की मी म्हणालो, "असेल. धुके होते. चुकलो असेन." आणि तू हसलीस! "गाढवा! मग आहे! मग तो दगड तिथंच कुठेतरी आहे!" तुझ्यामागे कोणाला तरी तू ओरडून सांगितलेस की नंबर चुकीच्या दगडावर आहे. जीपीएसमध्ये दहा-बारा मीटर इकडेतिकडे होतात, आणि त्या उतारावर दहा मीटरात शंभर दगड आहेत, हे मी तुझ्याच तोंडून ऐकले होते, म्हणून माझे खोटे टिकले. मी शिडीवरून उतरलो आणि ठरवले की उद्या फोन करून खरे सांगू. त्याला आता सोळा महिने होत आले.

गेल्या वर्षी तू सहा आठवडे शोधलेस. पावसाने रस्ता तुटला, त्यातले दोन आठवडे तू खालच्या गावात अडकून होतीस. रेंज मिळेल तेव्हा मला फोटो पाठवायचीस. "हा का रे?" "बघ ना, हा असेल?" एकूण दोनशे बारा फोटो. प्रत्येक फोटो मी मोठा करून पाहायचो आणि "हा नाही" असे उत्तर द्यायचो. ती दोनशे बारा उत्तरे खरी होती.

७ जानेवारीला, रविवारी, मी इथल्याच वरच्या खोल्यांवर नंबर टाकत होतो तेव्हा बापूसाहेब आले. दम लागलेला असताना तीन मजले चढून. दहा वर्षांपूर्वी मी तुझ्या नोट्स द्यायला नांदेडला आलो होतो, तेव्हा त्यांनी मला दारात उभे करून आधी नाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि आडनाव ऐकल्यावर "बरं, ठेवा इथे" म्हणाले होते. मला त्याचे तेव्हा वाईट वाटले नाही, नोट्स ओल्या होणार नाहीत ना एवढेच मी पाहिले. या वेळी ते मला प्रीतमराव म्हणाले. मी बाकावरची धूळ पुसून त्यांना बसायला दिले. ते म्हणाले, "प्रीतमराव, फेलोशिप जुलैत संपते. सर म्हणतात विषय बदला. ही म्हणते, एकदाच अजून जाऊन येते. मी निवृत्तीच्या पैशातले दीड लाख काढलेत. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, हट्ट करू नका. आता पोरीच्या हट्टाला पैसे देतोय. तुम्ही तिच्याबरोबर जा. तो दगड तुम्ही पाहिलाय. तुम्हीच ओळखाल." त्यांनी माझ्या हातात पाच हजार रुपये ठेवले, तिकीट आणि बुटांसाठी. मी हो म्हणालो. पैसे मोजून घेतले. त्यांनी माझा खांदा एकदा धरला आणि ते जिना उतरू लागले.

पुढच्या रविवारी मी नवे बूट घालून गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांचा एक डोळा गेला आहे, दुसऱ्याने बूट मात्र दिसले. "लई भारी बूट. कुठं निघालास?" मी सांगितले, डोंगरावर, मृण्मयीबरोबर, एक दगड शोधायला. ते म्हणाले, "सापडंल का?" मी नाही म्हणालो, आणि का नाही तेही सांगितले. त्यांना मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. खडूच्या गोलाचे ऐकल्यावर ते बराच वेळ ओट्याची फरशी हाताने पुसत राहिले. मला वाटले, ते रागावतील किंवा गोल धरलास ते बरोबरच केलेस म्हणतील. त्यांनी लुंबिनीचे सांगितले.

"लुंबिनी सोलापूरला गेलीच न्हाई. दुसऱ्या दिशी सांजच्याला माझ्याच हातानं काढली. पाऊस चालू. लाकडं न्हाईत. बारा जणांला एकाच सरणावर दिलं, त्यात ती. तुझी माय लातूरच्या दवाखान्यात, पाय मोडलेला. डॉक्टर म्हणला, इतक्यात सांगू नका. म्या म्हणलं, सोलापूरला नेली हाय. म्हणलं, पाय बरा झाला की सांगू. पाय बरा झाला आन् ती चालत सुटली सोलापूरला. मग कुठं सांगू?" मी विचारले, तुम्ही तिच्याबरोबर सगळीकडे जात होता ना? ते म्हणाले, "जायचो की. खिडकीला उभा राहून नाव मीच सांगायचो. लुंबिनी मारोती, वय चार. ते वही उघडायचे, मी बी वाकून बघायचो. संगं जायला बरं वाटतं रे. तेवढंच तिच्यासाठी करता येत हुतं." माय तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात तिने दोनदा विचारले होते की लुंबिनीला कळवले का. आबांनी, "कळवलं, निघाली," असे सांगितले होते. तेव्हा मी उशाशी होतो. मला ते ऐकून बरे वाटले होते.

आता चार वाजत आले. पहिला हात कधीच वाळला. मी हे का लिहिले ते सांगतो आणि उठतो. बापूसाहेबांना मी हो म्हणालो ते भीतीने नव्हे. मला यायचे होते. जुलैपासून सहा आठवडे त्या उतारावर तुझ्याबरोबर रोज सकाळी निघायचे, एकेक दगड पाहायचा, संध्याकाळी वहीत लिहायचे, आणि तू थकलीस की मी म्हणायचे, उद्या सापडेल. मी तेवढ्यासाठी बूट घेतले. दहा वर्षांत तुझ्याबरोबर राहायचा दुसरा कोणता मार्ग मला दिसला नव्हता आणि हा मार्ग माझ्याच खोट्यातून निघाला होता. आबा म्हणाले ते ऐकेपर्यंत मला त्यात वाईट काही वाटतही नव्हते. मृण्मयी, तू जाऊ नकोस. तिथे दुसरा दगड नाही. पत्रासोबत माझी मूळ वही रजिस्टरने पाठवत आहे, पान ३१ पाहा. तारीख, वेळ, रंग, कड आणि मापे त्याच दिवशी लिहिलेली आहेत. तुझा डाग त्या दगडावर होता याला माझ्या हाताचा हा एकच पुरावा आहे. तो मानतील की नाही, मला माहीत नाही. मानला तरी डाग परत येणार नाही. लागेल तिथे येऊन मी सही करीन. परवा रविवारी नांदेडला जाऊन बापूसाहेबांना सगळे तोंडाने सांगणार आहे. या पत्राचे उत्तर येणार नाही असे धरून चाललो आहे. माझा नंबर तुझ्या फोनमधून काढलास तरी तो दगडावरचा सतरा मात्र निघणार नाही. मी तो चांगला टाकला आहे.

तुझाच,
प्रीतम

हिशोब :
बापूसाहेबांकडून मिळाले – ५,००० रु.
खर्च : बूट, एक जोड (एकदा घातले, दुकानदार परत घेत नाही) – २,३४० रु.
खर्च : वहीचे रजिस्टर टपाल – माझे मी भरणार
रविवारी परत देणार – २,६६० रु.
बापूसाहेबांचे देणे बाकी, मार्चअखेर देईन – २,३४० रु.
२३ ऑगस्ट २०२२ या एका दिवसाची मजुरी, तुला परत, वहीच्या पान ३१ मध्ये ठेवली आहे – ६०० रु.
तारेचा ब्रश, तेव्हा बिल लावले नव्हते, आताही लावत नाही – ६५ रु.
तुझे देणे बाकी – ११२ × ९४ मिमी.